तापाच्या चिठ्ठीवरची शेवटची ओळ: तालुक्यातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

तालुक्यातल्या सर्व फॅमिली डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखत नसतील, पण मी तुम्हाला अक्षरावरून ओळखते. बसस्टँडमागच्या मेडिकलमध्ये काउंटरमागे उभं राहून मला एकवीस वर्षं झाली. कोण गोळीचं पूर्ण नाव लिहितं, कोण दोनच अक्षरांत उरकतं, कोणाचं 'बीडी' (दिवसातून दोनदा) घाईत 'ओडी'सारखं (दिवसातून एकदा) दिसतं, हे सगळं मला पाठ आहे. हे पत्र तुमच्या तापाच्या चिठ्ठीवरच्या शेवटच्या ओळीबद्दल, म्हणजे डी जीवनसत्त्वाच्या पुडीबद्दल आहे.

पावसाळा लागला की आपल्याकडे व्हायरलची साथ येते. तीन दिवस ताप, नाक गळणं, खोकला, अंग मोडून येणं. चिठ्ठी साधारण ठरलेली: पॅरासिटामॉल, सर्दीची गोळी, खोकल्याचं पातळ औषध, पुष्कळदा अँटिबायोटिक (त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल), मग मल्टीव्हिटॅमिन, झिंक, सी जीवनसत्त्व, आणि अगदी तळाशी 'डी-३ साठ हजार, चार पुड्या', म्हणजे दर पुडीत साठ हजार युनिट डी जीवनसत्त्व. परवा अशीच चिठ्ठी घेऊन एक बाई आल्या. दिवसभर भांगलणीला जाणाऱ्या, कपाळावर पदराची रेघ सोडून बाकी तोंड उन्हाने रापलेलं. बिल झालं 640 रुपये. त्यातले 310 जीवनसत्त्वांचे. त्यांनी कमरेच्या पिशवीतून पाचशेची घडी घातलेली नोट काढली आणि हळूच विचारलं, "ताई, ह्यातलं कुठलं कमी केलं तर चालंल?"

मी पुड्या आणि टॉनिक बाजूला केलं. बिल 330 वर आलं. तुमच्या चिठ्ठीतलं औषध परस्पर काढायचा मला अधिकार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून चोरून करण्यापेक्षा उघड लिहितेय.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे नंतर कोणी काढायला नको. जीवनसत्त्वांवर मला सुटतं ते पॅरासिटामॉलवर सुटत नाही. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, येतो, दहावर दोन फुकटची स्कीम देतो, आणि माझं फडताळ त्या डब्यांनी भरतं. तेव्हा हे पत्र म्हणजे माझ्याच पोटावर पाय आहे. 2020 च्या उन्हाळ्यात संत्र्याच्या चवीच्या सी-च्या गोळ्यांसाठी लोक शटर उघडायच्या आधी रांगेत उभे असायचे. "एका माणसाला दोनच पट्ट्या" अशी पाटी मी स्वतः पुठ्ठ्यावर लिहून लावली होती. स्टॉकिस्टकडे माल नाही, आणि काउंटरवर माणसं रडकुंडीला आलेली. त्या दिवसांत मी कोणालाही म्हटलं नाही की याने काही होईल याचा पुरावा नाही. म्हटलं असतं तरी कोणी ऐकलं नसतं, पण मी म्हटलं नाही हेही खरं.

तुम्ही ती पुडी लिहू लागलात त्यामागे कारण होतं, उगाच नव्हतं. 2020 मध्ये एकामागून एक देशातून एकच गोष्ट येत होती: कोविडने अत्यवस्थ झालेल्यांच्या रक्तात डी जीवनसत्त्व कमी सापडतं, घरच्या घरी बरे झालेल्यांच्यात त्या मानाने बरं. वाचणाऱ्याला वाटणारच, की डी कमी म्हणून आजार वाढला. डी वाढवलं की माणूस वाचेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

पण डी कोणाचं कमी असतं? म्हाताऱ्यांचं, लठ्ठ माणसांचं, मधुमेहींचं, अंथरुणाला खिळलेल्यांचं, घराबाहेर न पडणाऱ्यांचं. कोविडने जास्त कोण गेलं? हीच माणसं. मग पातळी हे कारण होतं, की या माणसांच्या एकंदर अवस्थेचा तो एक आकडा होता? दुसरी गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवी. शरीरात सूज उसळली की रक्तातली डी-ची मोजता येणारी पातळी स्वतःहून खाली येते, कारण तिला वाहून नेणारं प्रथिन घटतं. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये हे मोजलेलं आहे: ऑपरेशनआधी एक आकडा, दोन दिवसांनी त्याहून बराच खालचा. दोन दिवसांत कोणी ऊन विसरत नाही. म्हणजे ताप 102 असताना रक्त काढलं आणि डी 14 आलं (डी-च्या पातळीचे हे आकडे एका मिलिलिटरमधल्या नॅनोग्रॅमचे), तर त्या 14 मध्ये त्या माणसाचं किती आणि तापाचं किती, हे त्या कागदावरून सांगता येत नाही.

आणि तरीही आपल्याकडे तापातच ती तपासणी लिहिली जाते. लॅबच्या रिपोर्टवर 30 च्या खाली जाड ठशात 'अपुरं' छापून येतं, घरातली सगळी मंडळी घाबरतात, आणि संध्याकाळी तो रिपोर्ट माझ्या काउंटरवर पसरला जातो. ती 30 ची रेघ जिने 2011 मध्ये रूढ केली त्या अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने, 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत तीच रेघ मागे घेतली, आणि निरोगी प्रौढांची डी-ची सरसकट तपासणी करू नका असंही लिहिलं. आपल्या लॅबच्या कागदावर मात्र 30 अजून तिथेच आहे.

बरं, पातळीचं सोडा. देऊन काय झालं ते बघू, कारण शेवटी प्रश्न तोच आहे.

सुरुवातीला आशा वाटावी असे निकाल आले. स्पेनमध्ये कॉर्डोबाला 76 रुग्णांचा एक छोटा प्रयोग झाला. डी-चं तयार रूप दिलेल्या 50 जणांपैकी एकालाच आयसीयूत हलवावं लागलं, न दिलेल्या 26 पैकी 13 जणांना. आपल्याकडे चंदीगडच्या पीजीआयमध्ये सौम्य किंवा लक्षणं नसलेल्या 40 जणांवर प्रयोग झाला: साठ हजार युनिट रोज, सात दिवस. ज्यांना दिलं त्यांच्यातले 16 पैकी 10 जण तीन आठवड्यांत निगेटिव्ह झाले, बाकीच्या 24 पैकी फक्त 5. आपली साठ हजाराची पुडी कोविडच्या चिठ्ठीवर चढली त्यात या प्रयोगाचा वाटा मोठा, असा माझा अंदाज आहे. पण 16 माणसं म्हणजे किती, डॉक्टर? माझ्या दुकानात सकाळच्या पहिल्या तासाला त्याहून जास्त येतात. शिवाय मोजलं काय, तर स्वॅब. माणूस वाचला की नाही, दम लागला की नाही, हे त्या आकड्यात नव्हतं.

मग ब्राझीलचा प्रयोग आला, साओ पावलोचा, 2021 साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात. दवाखान्यात दाखल झालेले 240 रुग्ण. निम्म्यांना एकाच वेळी दोन लाख युनिट डी, निम्म्यांना नुसतं तसंच दिसणारं औषध. कोणाला काय दिलं ते रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. ज्यांना दिलं त्यांची रक्तातली पातळी झकास वाढली. आणि दवाखान्यातला मुक्काम? दोन्ही गटांत मधला आकडा सात दिवस. मृत्यू डी-च्या गटात 7.6 टक्के, दुसऱ्या गटात 5.1, म्हणजे फरक असा काही नाही. मला हा प्रयोग पटतो तो याच कारणाने की त्यात औषध पोचलं, आकडा हलला, आणि आजार मात्र जागचा हलला नाही.

तुमच्यातले एक डॉक्टर मला एकदा म्हणाले, "अहो, ते उपचार म्हणून नाही, पुढच्या वेळी होऊ नये म्हणून देतो." ठीक. तेही तपासलेलं आहे, आणि इथे मात्र गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे.

मंगोलियात उलानबाटरला हिवाळ्यात ऊन जवळजवळ नसतंच. तिथल्या शाळकरी मुलांच्या रक्तात डी सरासरी 7 च्या आसपास होतं. त्यांना रोज 300 युनिट घातलेलं दूध दिलं, तर हिवाळ्यातलं सर्दी-खोकल्याचं आजारपण जवळपास निम्म्यावर आलं. 2017 साली अशा 25 प्रयोगांतल्या सुमारे अकरा हजार माणसांची माहिती 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एकत्र मांडली गेली आणि तीच दिशा दिसली: ज्यांचं मुळात फारच कमी, 10 च्या खाली, त्यांना रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं दिलं तर फायदा. मोठा डोस एकदम दिला त्यांना नाही. आता गंमत बघा. त्या अभ्यासात 30,000 युनिट किंवा त्याहून वर म्हणजे 'मोठा डोस' धरला होता. आपली पुडी त्याच्या दुप्पट. म्हणजे ज्या अभ्यासाचा हवाला एमआर देतो, त्याच अभ्यासात आपली पुडी नापास झालेल्या रांगेत बसते.

त्यानंतरचे मोठे प्रयोग आणखी निरुत्साही आहेत. इंग्लंडमध्ये 6,200 लोकांवर: कमी पातळी निघालेल्यांना सहा महिने रोज 800 किंवा 3,200 युनिट दिली; श्वसनाचे आजार कमी झाले नाहीत, कोविडही नाही. नॉर्वेत चौतीस हजारांवर लोकांनी 2020-21 च्या हिवाळ्यात रोज चमचाभर कॉड माशाचं तेल घेतलं, निम्म्यांनी खरं आणि निम्म्यांनी मक्याचं, फरक शून्य. आणि 2017 च्या त्याच मंडळींनी 2025 मध्ये चौसष्ट हजार माणसांचा हिशोब पुन्हा केला तेव्हा फायदा इतका झिजला होता की त्यांनाच तो ठामपणे सांगता येईना. मुलांच्या बाबतीत थोडी आशा अजून शिल्लक आहे, एंडोक्राइन सोसायटीच्या 2024 च्या त्या सूचनांतही ती आहे. पण ती रोजच्या लहान मात्रेची. तापाच्या चिठ्ठीवर चार पुड्या लिहिण्याची नव्हे.

सी आणि झिंकचं थोडक्यात सांगते. अमेरिकेत 214 जणांना घरीच कोविड असताना 8,000 मिलिग्रॅम सी, 50 मिलिग्रॅम झिंक, दोन्ही, किंवा काहीच नाही असं वाटून दिलं. लक्षणं लवकर गेली नाहीत आणि प्रयोग मध्येच थांबवला, कारण पुढे चालवून काही निघण्याची आशा नव्हती. दाखल रुग्णांना शिरेतून सी देण्याच्या मोठ्या प्रयोगांतही फायदा दिसला नाही, उलट नुकसानाचीच शक्यता पुढे आली. आपल्याच केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने मे 2021 च्या अखेरीस सौम्य कोविडच्या सूचनांतून झिंक आणि मल्टीव्हिटॅमिन काढून टाकलं होतं. कोविड गेला, सूचना विसरली गेली, झिंक राहिलं.

"पण तोटा काय आहे?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो, तुमच्याकडूनही आणि गिऱ्हाइकाकडूनही. तर तोटा सांगते.

आमच्या पेठेतले एक अण्णा, बहात्तरचे, निवृत्त तलाठी. व्हायरल तापानंतर त्यांच्या चिठ्ठीवर ही पुडी आली. चिठ्ठीवर आठवड्याला एक असं इंग्रजी खुणेत लिहिलेलं होतं, आणि पुडी देताना माझ्या काउंटरवरच्या मुलाने पाकिटावर काही लिहिलं नाही. अण्णांना ती दुधात आवडली. चार दिवसांत चार संपवल्या, पाचव्या दिवशी पुन्हा चार नेल्या. कधी माझ्याकडून, कधी चौकातल्या दुसऱ्या दुकानातून. चिठ्ठी कोणी मागितली नाही, मीही नाही. अडीच महिने रोज साठ हजार. मग त्यांना उलट्या सुरू झाल्या, शौचाला होईना, सारखी तहान, रात्री चार-चार वेळा लघवीला उठणं, आणि बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटलं म्हातारपण. शहरात नेलं तेव्हा रक्तातलं कॅल्शियम भलतंच चढलेलं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दुप्पट. अकरा दिवस सलाइन. सून रिकाम्या पुड्यांची एक प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आली आणि तिने ती काउंटरवर ओतली. ती काही बोलली नाही. पुड्यांचे चांदीचे कागद घरंगळत कॅल्क्युलेटरखाली गेले, ते मी दुपारी एकेक करून वेचले.

त्यात तुमच्यातल्या कोणाची जेवढी चूक, त्याहून माझी जास्त. देताना सांगणं हे माझं काम. तेव्हापासून आमच्याकडे पुडीच्या पाकिटावर निळ्या पेनाने 'फक्त रविवारी' असं लिहिल्याशिवाय पाकीट काउंटर ओलांडत नाही, आणि चिठ्ठीशिवाय दुसऱ्यांदा मिळत नाही. दोन गिऱ्हाइकं त्यावरून भांडून गेली. जाऊ देत.

आता मला जे खरं सांगायचंय ते. जीवनसत्त्व आणि विषाणूचा श्वसनाचा आजार यांचं एक नातं आहे जे पक्कं आहे, जुनं आहे, स्वस्त आहे, आणि आपल्या चिठ्ठ्यांवर जवळपास दिसत नाही. गोवर आणि ए जीवनसत्त्व.

गोवरात मूल मरतं ते पुरळाने नाही, बहुधा न्यूमोनियाने, हे तुम्हाला मी सांगायला नको. लंडनच्या ग्रोव्ह हॉस्पिटलमध्ये जोसेफ एलिसन नावाच्या डॉक्टरांनी 1932 मध्ये गोवराच्या 600 मुलांचे दोन गट केले. 300 जणांना कॉड लिव्हर तेल वगैरे देऊन ए पुरवलं, 300 जणांना नाही. पहिल्या गटात 11 दगावली, दुसऱ्यात 26. मग सगळे जण पन्नास वर्षं ते विसरले. 1990 मध्ये केपटाउनला 189 आजारी मुलांवर पुन्हा नीट प्रयोग झाला: ए दिलेल्या 92 पैकी 2 मुलं गेली, न दिलेल्या 97 पैकी 10. गोवरात ए-ची पातळीही घसरतेच, तापात डी घसरतं तशीच. पातळी बघून दोन्हींचं सारखंच वाटलं असतं. एकात देऊन पाहिल्यावर मुलं वाचली, दुसऱ्यात काही झालं नाही, एवढाच काय तो फरक.

जागतिक आरोग्य संघटनेचं वेळापत्रक तुमच्याकडे असेलच: गोवर झालेल्या मुलाला एक वर्षावर दोन लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांना एक लाख, त्याहून लहानाला पन्नास हजार, लागोपाठ दोन दिवस; डोळ्यांत ए-च्या कमतरतेची खूण असेल तर काही आठवड्यांनी तिसरा. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीत, मग भिवंडी, मालेगावात गोवर पसरला आणि मुलं गेली, तेव्हा हेच डोस घरोघर फिरून दिले गेले. पण खासगी चिठ्ठीवर, गोवराचं पुरळ लिहिलेलं असताना, ए लिहिलेलं मी एकवीस वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिलं आहे. त्याच चिठ्ठीवर झिंकचं सिरप आणि डी-चे थेंब मात्र असतात. ए-ला एमआर नाही, स्कीम नाही, चकचकीत डबा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते पिवळं औषध आहे, एका मिलिलिटरला एक लाख युनिट, सोबत दोन मिलिचा चमचा.

आता कोणी याचा उलटा अर्थ काढू नये. ए हे लसीच्या जागी नाही. 2025 मध्ये अमेरिकेत टेक्सासला गोवर पसरला तेव्हा काही घरांनी मुलांना मनाने कॉड तेल आणि ए पाजलं, आणि त्यातली काही मुलं यकृतावर परिणाम होऊन दवाखान्यात आली. मात्रा ठरलेली आहे, दिवस ठरलेले आहेत, तुमच्या हाताखाली द्यायचं आहे.

मी डी-च्या विरोधात नाही. हाडं दुखणारी बाई, वाकडे पाय झालेलं मूल, घरात बसून असलेली आजी, फिट्सच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारा मुलगा, यांना ते हवंच, आणि मी ते आनंदाने देते. देशभरातल्या मुलांच्या पोषणाची 2016-18 मध्ये केलेली पाहणी सांगते, की किशोरवयीनांत साधारण चारातल्या एकाला डी कमी आहे. थोडं नाही. पण लॅबवाले सांगतात तसे दहातले नऊही नाहीत.

तेव्हा मागणं एवढंच, की ताप अंगात असताना डी-ची तपासणी लिहू नका. लिहायचीच तर महिन्याभराने लिहा. नुसत्या व्हायरलच्या चिठ्ठीवरून ती शेवटची ओळ काढा, आणि रोग्याला काहीतरी हवंच असेल तर त्याला दोन मिनिटं जास्त बसवा, दम लागला तर काय करायचं ते सांगा. पुडी खरंच हवी असेल तेव्हा 'दर रविवारी एक, एकूण आठ' असं मराठीत लिहा. आणि पुरळ-ताप दिसला तर आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा, ए-चे दोन डोस मुलाच्या पोटात गेले का ते दुसऱ्या दिवशी विचारा.

माझ्या बाजूने मी हे करणार आहे: येत्या सोमवारपासून तापाच्या चिठ्ठीवर साठ हजाराची पुडी दिसली, की ती देण्याआधी तुम्हाला फोन करीन. दुपारी दीड ते चार तुमची ओपीडी बंद असते, तेव्हाच करीन, मध्ये रुग्ण असताना नाही. फोन उचला. चिडलात तरी चालेल, पण उचला.

आपली,
बसस्टँडमागच्या मेडिकलमधली फार्मासिस्ट